आग्रहाचं इंजिनीअरिंग

मी युनिव्हर्सिटीत होतो, असं मी कुणालाही बिनदिक्कत सांगतो. समोरचा ‘कोणता विषय?’ विचारेपर्यंत बहुतेक वेळा चहा येतो आणि मी वाचतो. एखादा चिवट निघाला, त्यानं चहा संपल्यावरही विचारलंच, तर मी ‘कांदा’ म्हणतो. हे खोटं नाही. आळंदीकडून चाकणला जाताना आमचं गाव लागायचं, त्या गावाच्या माळावर शेतीच्या इंजिनीअरिंगचं कॉलेज होतं, आणि त्या कॉलेजात माझ्याएवढा कांदा कुणी हाताळलेला नाही. प्रोफेसरांनी कांद्यावर भाषणं दिली, मॅडमनी कांद्यावर डॉक्टरकी केली, मी तो सोलला. शिवाय खाल्ला. खाण्याचं जे झालं तेच सांगायला बसलोय.

हे सगळं माझी नात मोबाइलमध्ये टाइप करून घेते. मी ‘व्हतं’ म्हणालो की ती ‘होतं’ करते आणि वर म्हणते, आबा, लोकांना कळलं पाहिजे. मी सातवीत इतका मुक्काम केला की शेवटी गुरुजींची बदली झाली तरी मी तिथंच, त्यामुळं तिच्याशी वाद घालत नाही. फक्त माणसांच्या तोंडचं बोलणं बदलायचं नाही, एवढी अट घातली आहे. माझी आई ‘होतं’ म्हणाली असती तर आम्ही डॉक्टर बोलावला असता.

आमचं घर म्हणजे पत्र्याच्या खोल्या आणि मागं गोठा. गोठ्यात म्हैस असायला हवी, तिथं आण्णांची सायकल असायची. आण्णा म्हणजे माझे वडील. भोसरीला एका कारखान्यात प्रेसवर होते. पत्र्यावर दणादण प्रेस आदळायचा, त्यानं त्यांचे कान गेले होते, म्हणून आमच्या घरात साधं ‘मीठ दे’ सुद्धा तीन घरं ऐकायची. रात्रपाळी करून आले की सकाळी चुलीशेजारीच घोंगडी टाकून झोपायचे. आई भाकऱ्या थापत असेपर्यंत गाढ. थापायचं थांबलं की टक्क जागे. मशीन बंद पडलं असं वाटायचं त्यांना. सुपरवायझर येईल म्हणून ताडकन उठून बसायचे, आणि समोर आई बघून परत आडवे व्हायचे. आई म्हणायची, मला बघून झोप येनारा ह्यो एकच मानूस मला मिळाला.

जेवणाचे आमच्याकडं दोन कायदे होते. पहिला, अन्नाला नाव ठेवायचं नाही. भाजी करपो, भात चिकट होवो, पिठल्यात पीठ कच्चं राहो, जो बोलेल त्यानं ताटावरनं उठायचं. दुसरा कायदा आग्रहाचा. मिसरूड फुटलेल्या माणसानं मागून खायचं नाही, वाढणारीनं विचारायचं. आई पातेलं घेऊन यायची, म्हणायची, घे की अजून. आपण म्हणायचं, नको. ह्या ‘नको’ला काही अर्थ नसतो, ते फोनवर ‘हॅलो’ म्हणतात तसलं आहे. मग ती म्हणणार, घे रं, उलीसं. आपण ‘बास झालं’ म्हणायचं, पण नजर पातेल्यात ठेवायची. तिसऱ्यांदा तिनं पळी पुढं केली की गप्प बसायचं, म्हणजे ती वाढते. खरोखर नकोच असेल तर तोंड उघडण्यात अर्थ नाही. ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे. आडव्या हातांवर कुणी वाढत नाही. आण्णा धरायचे, पाहुणे धरायचे. मी कधी धरल्याचं मला आठवत नाही. पोट भरलं हे मला कळेपर्यंत बाकीच्यांची ताटं धुऊन पालथी पडलेली असायची.

कॉलेजात मला लावलं पवळेमामानं. मामा गेटवर वॉचमन होता, नात्यानं कुणाचाच मामा नव्हता, पण सगळ्या गावाचा होता. त्यानं पाठक सरांना सांगितलं, पोरगं बिनकामाचं हाय पन इमानदार हाय. खरं म्हणजे मी बिनकामाचा होतो एवढंच त्याला नक्की माहीत होतं. सरांनी शिक्षण विचारलं, मी सातवी म्हणालो. पास का, हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, असं ते जमलं.

पाठक सर अन्नप्रक्रिया विभागाचे मुख्य. पुण्यातले, जुन्या पेठेतले. दिवसभर अन्नावर शिकवायचे आणि स्वतः डब्यात एक पोळी आणायचे, ती पण घडी न मोडता खायचे. विभागात कायम सुतक पडल्यासारखं वातावरण, कारण कोपऱ्यात कांदा सोलणारा मी, चिरणारी यंत्रं, आणि सगळ्यांचे डोळे वाहताहेत. एकदा बाहेरच्या कॉलेजातले एक पाहुणे दारात आले, आतली ओली तोंडं बघून त्यांनी चपला काढल्या आणि हळू आवाजात सरांना विचारलं, कधी झालं?

विभागात एक ड्रायर होता. कपाटाएवढं लोखंडी यंत्र, आत जाळीचे ट्रे, खालनं गरम वारा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा झाली तेव्हा सरांनी ड्रायरलाही झेंडूचा हार घातला. संध्याकाळी मला आवरायला सांगितलं. मी हार काढून नीट आत ट्रेवर ठेवला, चोरीला जाऊ नये म्हणून, आणि सवयीनं बटण दाबून घरी गेलो. सकाळी हार असा सुकला होता, रंग तसाच, पाकळी न पाकळी जागेवर, की सर म्हणाले, ह्या विभागात आजवर झालेलं हे सर्वोत्तम काम आहे. नंतर मात्र कांद्याला झेंडूचा वास येऊ लागला आणि सरांनी आपलं म्हणणं मागं घेतलं.

पुढच्या वर्षी हे यंत्र चालवायला आल्या सोळंके मॅडम. परभणीकडच्या. तिकडं एका कॉलेजात शिकवायच्या, आणि डॉक्टरकीसाठी रजा काढून इकडं आल्या होत्या. भोसरीत एक खोली भाड्यानं, नवरा आणि छोटी मुलगी तिकडं. रजा दिवाळीपर्यंत. तोवर काम पुरं झालं तर डॉक्टर होऊन जायचं, नाहीतर हात हलवत परत, आणि परत गेल्यावर काय ऐकायचं ते ठरलेलंच होतं, कारण सासूबाई निघतानाच म्हणाल्या होत्या की कांदा चिरायला परभणीत विळी नव्हती का. हे मॅडमनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. कांदा सोलताना माणसं घरचं बोलतात. रडायला कारण लागत नाही, मग बोलायलाही लागत नाही.

काम असं होतं. चाकणच्या कंपन्यांच्या कँटीनमध्ये रोज पोत्यांनी कांदा लागतो. तो सोलायला माणसं, चिरायला माणसं, सडला की फेकायला माणसं. त्याऐवजी सुकवलेला कांदा दिला, पाण्यात भिजवला की झालं, असं ते. पण किती आचेवर सुकवायचा? कमी आचेवर तो चामड्यासारखा राहतो आणि आंबूस वास मारतो. जास्त आचेवर झटपट होतो, वीज वाचते, पण करपतो आणि कडू होतो. मधली आच मॅडमच्या मते बरोबर होती, पण मॅडमचं मत डॉक्टरकीला चालत नाही. यंत्राला कांद्याचं वजन कळतं, पाणी कळतं, रंगसुद्धा कळतो. चव कळत नाही. चवीला माणसं लागतात, आणि माळावरच्या त्या कॉलेजात खायला मोकळी माणसं म्हणजे आम्ही. पवळेमामा, बसचा ड्रायव्हर, माळी, झाडणाऱ्या बाया, शिपाई आणि मी.

आमच्यातल्या निम्म्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून मॅडमनी युक्ती काढली. प्रत्येकासमोर तीन वाट्या. एकीवर हसरं तोंड काढलेलं, एकीवर मख्ख, एकीवर रडकं. हातात चिंचोके. पिठलं चाखायचं आणि जसं वाटलं तसा चिंचोका वाटीत टाकायचा. पिठलं तीन पातेल्यांत, तीन आचांच्या कांद्याचं, पातेल्यांना लाल, पिवळा, हिरवा दोरा. कोणता दोरा कोणत्या कांद्याचा ते फक्त मॅडमना माहीत.

पहिल्या दिवशी सगळे चिंचोके हसऱ्या वाटीत. मॅडम खूश. दुसऱ्या दिवशी सगळे हसऱ्या वाटीत. मॅडमनी जास्त आचेचा कांदा आणखी करपवला, इतका, की पिठलं डांबरासारखं दिसत होतं. चिंचोके हसऱ्या वाटीत. झाडणाऱ्या बायांनी तर दोन दोन टाकले. पाठक सर येऊन वाट्यांकडं बघत उभे राहिले आणि म्हणाले, “पॅनेलला कोळसा आवडतो असा निष्कर्ष निघतोय, सोळंके. छापायचा का?”

मॅडमना वाटलं आम्ही एकमेकांचं बघून टाकतो. ते खरंही होतं, विशेषतः माझं बघून, कारण पहिला घास घेऊन मोठ्यांदा ‘वा’ म्हणायचं काम मी आपखुशीनं घेतलं होतं. मग त्यांनी पोती शिवून पडदे केले, प्रत्येकाला वेगळा कप्पा. रंग दिसू नये म्हणून खोलीत लाल बल्ब लावला. हे सगळं म्हणे पुस्तकात होतं. मी घरी येऊन आण्णांच्या कानात ओरडून सांगितलं की आपल्या घराण्यात लाल दिव्यात बसलेला मी पहिलाच. आण्णा दोन दिवस कंपनीत सांगत होते. आणि चिंचोके? लाल उजेडात, पोत्यामागं, एकेकट्यानं बसून आम्ही ते इमानदारीत हसऱ्या वाटीत टाकत होतो.

एका दुपारी मॅडमनी मला समोर बसवलं. गणपती होऊन गेले होते, दिवाळी दिसायला लागली होती. म्हणाल्या, “बबन, करपलेलं होतं का नव्हतं?”

“व्हतं की.”

“मग रडकी वाटी कामून ठेवलीय तिथं? तिच्यात का नाही टाकायलास?”

मी म्हणालो, मॅडम, तुमी केलंय, आमच्यासाठी केलंय, त्याला नाव कसं ठेवायचं? मॅडम कपाळ धरून बसल्या. मग म्हणाल्या की जेवणाला नाव ठेवणं ही एक विद्या आहे, ती शिकावी लागते, आणि ती मला शिकायला लागेल. घरी सराव कर. रोज एक तरी खोट काढ. रंग, वास, चव, ह्या क्रमानं.

आयुष्यात पहिल्यांदा कुणी शिकायला सांगितलं आणि मी शिकलो, हेच चुकलं. त्याच दिवशी आईनं आमटी केली होती. आण्णा पहिली पाळी करून आलेले, आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी आमटीचा भुरका मारला, वर पत्र्याकडं बघितलं, जसं मॅडम बघायच्या, आणि आण्णांना ऐकू जाईल अशा घरच्या आवाजात म्हणालो, “रंग बरा हाय. वास ठीक हाय. चवीला मीठ जास्त.”

आण्णांचा घास हातात राहिला. त्यांना कधी नव्हे ते सगळं पहिल्या झटक्यात ऐकू आलं होतं. आईनं पळीनं आमटीचा थेंब तळहातावर घेतला, चाटला, आणि म्हणाली, “व्हय. हाय जास्त.”

बास, एवढंच. मी ताटावरनं उठायच्या तयारीत होतो, पण तिनं उठवलं नाही. ती शिव्या देऊन मोकळी झाली असती तर मी लगेच सुधारलो असतो. तिनं एकदाच वाढलं आणि पातेलं झाकून बाजूला सरकवलं. संध्याकाळी तसंच. दुसऱ्या दिवशी तसंच. आण्णांना ‘घ्या की’, आल्यागेल्याला ‘घ्या की’, माझ्याशी नाही. माझ्या ताटाशी आली की पळी सरळ पुढं जायची. मी घसा खाकरला, रिकाम्या ताटात बोट फिरवलं, एकदा तर कुणी न विचारताच ‘नको नको’ म्हणालो. आई शांतपणे म्हणाली, “तुला बरंवाईट कळतंया आता. लागंल तर सांगशील.”

सांगायचं कसं? ज्याला आयुष्यभर तीन हाकांवर जेवायची सवय, त्याला हाकच बंद झाली. मी दोन भाकऱ्यांवर उठू लागलो. माझ्यासारख्याला दोन भाकऱ्या म्हणजे जेवायला बसल्याची नुसती वर्दी. हळूहळू पँटला सुतळी आली. कॉलेजातही हाल तेच, कारण तिथं वाटीभरच मिळायचं. आता सून मला एकदाच विचारते, शुगर आहे म्हणून. तिनं विचारलं आणि मी सवयीनं ‘नको’ म्हणालो की ती पातेलं खरंच आत घेऊन जाते. शिकलेली आहे, नको म्हणजे नको समजते. तेव्हाचे ते दिवस तेवढ्यापुरते परत आल्यासारखे वाटतात. नात म्हणते हे टाइप करणार नाही, आईला राग येईल. तिनं केलंय.

तर, पँटला सुतळी आलेली मॅडमनी बघितली. मी कांदा सोलत होतो, त्या ट्रे पुसत होत्या.

“बबन, लै वाळायलास की रे. ड्रायरमधी झोपायलास का?”

मला कुणीतरी विचारायचीच खोटी होती. मी सगळं ओकलो. आमटी, मीठ, पळी. म्हणालो, मॅडम, घरी मला कुनी परत विचारतच न्हाई.

“मग मागून घे की.”

“मागायचं कसं, मॅडम? आदी त्यांनी विचारायचं, आपन नको म्हनायचं. परत विचारायचं, आपन बास म्हनायचं. तवा कुटं वाढतात.”

“आणि खरंच नको असलं तर?”

मी कांद्याच्या पाटीवर दोन्ही हात आडवे धरून दाखवले. मॅडमच्या हातातलं फडकं थांबलं. त्या माझ्या हातांकडं इतका वेळ बघत राहिल्या की मला वाटलं नखांत माती आहे, मी ती पँटला पुसली.

“म्हणजे जेवताना तुम्ही तोंडानं खरं बोलतच नाहीत,” त्या म्हणाल्या.

“जेवताना न्हाई.”

“आणि हातानं?”

हातानं खोटं कसं बोलायचं ते मला माहीत नव्हतं, तसं मी सांगितलं. मॅडम उठल्या आणि तरातरा सरांच्या खोलीत गेल्या. मला वाटलं माझ्या जेवणाची काहीतरी सोय करायला गेल्या. भिंतीपलीकडून इंग्रजी ऐकू येत होतं, मधेच सरांचा मराठी आवाज आला, “आग्रह हे माप कोणत्या पुस्तकात आहे, सोळंके?” आणि मॅडम म्हणाल्या, “सर, तुमच्या घरी जेवताना परत विचारत नाहीत का?” मग सर म्हणाले, “आमच्याकडे पहिल्यांदाही विचारत नाहीत.”

त्या संध्याकाळी मॅडम आमच्या घरी आल्या. आईनं त्यांना उंबऱ्यातच विचारलं, “पोराला आईच्या हाताला नाव ठेवायला शिकवनाऱ्या बाई त्या तुमीच का?” मॅडम म्हणाल्या, मावशी, मीच. आणि भूक लागली आहे. भूक लागलेल्या माणसाशी भांडायचं कसं हे आईला येत नव्हतं. तिनं ताट केलं. आमटीच होती. मॅडमनी ती संपवली, आई पातेलं घेऊन आली, म्हणाली, घ्या की अजून. मॅडम म्हणाल्या, वाढा. पहिल्याच ‘घ्या’ला. आईची पळी हवेतच राहिली. तिनं माझ्याकडं बघितलं, बऱ्याच दिवसांनी बघितलं, जणू विचारत होती की हिला आईबाप न्हाईत का.

मग मॅडमनी कामाचं सांगितलं. कॉलेजात पंगत बसवायची आहे, तीन तऱ्हेचं पिठलं आहे, ते वाढायचं आणि सगळ्यांना सारखा आग्रह करायचा. मी केला तर ही माणसं लाजेनं खातात, तुम्ही करा. आईनं विचारलं, “निस्तं वाढायचं? मंग त्यात इंजिनेरिंग काय हाय?” मॅडम म्हणाल्या, आहे मावशी, नंतर सांगते. आणि हळूच म्हणाल्या की हे जमलं नाही तर मला दिवाळीला रिकाम्या हातानं सासरी जायचं आहे. सासर म्हटल्यावर आई लगेच उठून पंगतीला नेसायचं लुगडं बघायला गेली.

पंगतीच्या दिवशी ड्रायर भिंतीला सरकवला, फरशीवर पोती अंथरली, लाल बल्ब लागला. त्या उजेडात आम्ही सगळे पत्रावळी मांडून बसलेलो, भुतांच्या लग्नाला आल्यासारखे. चिंचोक्याच्या वाट्या नाहीत, काही नाही. मॅडम कोपऱ्यात पेन्सिल घेऊन उभ्या, लाल उजेडात दोऱ्यांचे रंग कळेनात म्हणून पातेल्यांचा क्रम आधीच लिहून ठेवलेला. सरही बसले पंगतीत, मोजायला माणसं कमी पडत होती म्हणून, मांडी घालायला त्यांना भिंत धरावी लागली. आईला दोऱ्यांमधलं काही सांगितलेलं नव्हतं. तिनं पदर खोचला आणि पातेली एकामागून एक फिरवू लागली. पहिल्यांदा सगळ्यांना प्रत्येक पातेल्यातलं थोडं थोडं, मग आग्रह.

पिवळ्या दोऱ्याचं आलं. घे की मामा. पवळेमामा म्हणाला नको. घे उलीसं. बास झालं. तिसऱ्या वेळी मामा गप्प बसला, आईनं वाढलं, मॅडमची पेन्सिल हलली. ड्रायव्हर गप्प बसला, माळी गप्प बसला, झाडणाऱ्या बाया ‘आवं बास की’ म्हणत पत्रावळ पुढं करत होत्या. हिरव्या दोऱ्याचं आलं तेव्हा काहींनी घेतलं, काहींनी हात धरले. लाल दोऱ्याचं आलं आणि सगळ्या पंगतीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फटाफट हात आडवे पडत गेले. तोंडानं सगळे म्हणत होते, लई भारी झालंय, पन पोट भरलं. मामा तर म्हणाला असलं पिठलं जन्मात खाल्लं न्हाई, आणि दोन्ही कोपरांनी पत्रावळ झाकून बसला. तेही खरं होतं, तसलं कुणीच खाल्लं नव्हतं. मॅडमना हसू फुटत होतं, पेन्सिल थांबत नव्हती. सरांपाशी आई गेली तेव्हा पिवळं पातेलं होतं. सर पहिल्यांदा नको म्हणाले, दुसऱ्यांदा नको म्हणाले, तिसऱ्यांदा घेतलं, आणि ती पुढं निघाल्यावर खाली बघत हळूच म्हणाले, “अजून एकदा विचारा ना.”

मी शेवटच्या पोत्यावर. लाल दोऱ्याचं पातेलं घेऊन आई माझ्यापाशी आली. पहिला घास मी खाल्लेला होता, ते करपलेलं होतं, कडू होतं, जिभेवर कोळसा ठेवल्यासारखं. मला सगळं कळत होतं. समोर मॅडमची पेन्सिल तयार होती आणि त्यांचे डोळे माझ्या हातांवर. ज्या हातांवरनं त्यांना हे सगळं सुचलं, ते हात आता आडवे पडणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. आई वाकली. लाल उजेडात तिच्या कपाळावर घाम दिसत होता.

“घे की अजून,” ती म्हणाली.

किती दिवसांनी. तिला सगळ्यांना सारखं विचारायचं होतं, म्हणून तिनं विचारलं असेल. मला तेव्हा तसं वाटलं नाही.

“नको,” मी म्हणालो.

“घे रं. उलीसं.”

“बास झालं.” आणि माझी नजर पातेल्यात.

तिनं पळी पुढं केली. माझे हात गुडघ्यांवर होते. मी त्यांना सांगितलं असतं तरी ते उचलले नसते. मी गप्प बसलो. तिनं वाढलं, ते मी खाल्लं. तिनं परत विचारलं, मी परत नको म्हणालो, परत गप्प बसलो. असं करत तिनं पातेल्याचा तळ माझ्या पत्रावळीवर खरवडला. शेजारी मामा कोपरं न उचलता माझ्याकडं बघत होता. मॅडमनी डोळे मिटून घेतले होते.

त्या रात्री माझ्या पोटात काय झालं ते नातीला टाइप करायला सांगणं बरं दिसणार नाही. सकाळी आईनं ताक दिलं, परत परत विचारून दिलं.

मॅडमचं काम झालं. मधली आच निवडली गेली, सरांनी आग्रह ह्या मापाला इंग्रजीत काहीतरी भारदस्त नाव दिलं आणि त्यावर स्वतः एक भाषणही केलं. दिवाळीला मॅडम डॉक्टर होऊनच गेल्या असं नाही, त्याला म्हणे आणखी पुष्कळ सह्या लागतात, पण रिकाम्या हातानं गेल्या नाहीत. सह्या पुऱ्या झाल्यावर पेढे घेऊन परत आल्या, सोबत मुलगी आणि एक जाडजूड काळं पुस्तक. चाकणच्या रस्त्यानं आता गाड्यांवर गाड्या चढवलेले ट्रेलर जातात, कॉलेजच्या माळावर गोदामं आहेत, पण ते पुस्तक कुठल्यातरी कपाटात नक्की असेल, आणि त्यात मी आहे. मॅडमनी मला पान काढून दाखवलं, एका ओळीवर बोट ठेवलं.

“हे बघ. तू आहेस इथं.”

मी विचारलं, माझं नाव हाय का?

“नाव नसतंय रे यात. लिहिलंय की एक जण बाकीच्यांहून फारच वेगळा निघाला, म्हणून त्याला मोजणीतून वगळला.” मग हसून म्हणाल्या, “एवढा एकच माणूस वगळला मी. बाकी सगळे शास्त्रात बसले.”

मी ती ओळ बोटानं चाचपून घेतली. इंग्रजी होती, वाचता येत नव्हती, पण सापडली तर ओळखता यावी म्हणून. घरी गेलो तर आई जेवायला वाढत होती, आण्णा घोंगडीवर जागे होऊन बसलेले. आईनं विचारलं, पुस्तकात काय लिवलंय म्हनाल्या बाई? मी म्हणालो, “लिवलंय, आईनं वाढलं की ह्यो काय बी खातो.”

“तेवढं कळायला एवढं शिकावं लागतंया व्हय,” आई म्हणाली, आणि न विचारताच माझ्या ताटात भात टाकला.